ग्लेनची हत्यारं

सोमवार, ४ मार्च २०१३

ग्लेनची हत्यारं चोरीला गेली. सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा तो न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "डॅड, व्हॅनमधून सगळं गेलं."

"सगळं म्हणजे?"

"पणजोबांची पेटी. पेटीसकट."

अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी रस्त्यावर धावलो. व्हॅनचं कुलूप शाबूत, काच शाबूत. हल्लीचे चोर कुलपाला ओरखडाही पडू देत नाहीत म्हणतात. मागच्या महिन्यात घेतलेलं नवंकोरं विजेचं ड्रिल तिथंच पडलं होतं, त्याला हातही लावलेला नाही.

"म्हणजे चोर जाणकार होता," मी म्हणालो.

"असेल," ग्लेन म्हणाला आणि वर जाऊन झोपला. धक्का बसलाय पोराला. अडतीस वर्षांचा झाला, बायको सोडून गेल्यापासून आमच्याकडेच राहतो, पण दुखलं की लहानपणापासून असाच अंथरुणात शिरतो.

पोलिसांना मीच फोन केला. फोनवरच्या मुलीनं विचारलं, मालाची अंदाजे किंमत? मी म्हटलं, माझ्या आजोबांचे रंधे आहेत, मग वडिलांनी वापरले, मग मी, आता मुलगा वापरतो, त्यांची किंमत कशी सांगायची? मग ओळखणार कशावरून, म्हणाली. मी म्हटलं, हातात घेतल्यावर ओळखेन. "तसं लिहिता येत नाही हो," ती म्हणाली. गुन्ह्याचा नंबर तेवढा दिला.

संध्याकाळी यादी करायला बसलो. लाकडी पट्ट्यांना नक्षी काढायचे अठरा रंधे, एक खोलगट एक फुगीर अशा नऊ जोड्या. शिसवी लाकूड भरलेला लोखंडी रंधा. पितळी पाठीची करवत. सात पटाश्या. बाकी किरकोळ. एकूण एकतीस नग. मी पोलिसांना कळवलं म्हणून ग्लेन चिडला. इतका का चिडला, कळलं नाही.

रविवार, १० मार्च

आज आमच्या इंग्लंडातला मदर्स डे. ग्लेननं आईसाठी डॅफोडिलची जुडी आणली होती म्हणे. मी सहालाच घर सोडलं होतं.

शेफील्डमधला चोरीचा माल रविवारी टेकडीवरच्या मैदानात येतो, असं पबमध्ये सगळेच सांगतात. चिखलात गाड्यांच्या रांगा, डिक्या उघड्या, त्यात लहान पोरांचे बूट, केटल्या, बादलीभर गंजक्या पटाश्या. मी पन्नास वर्षं सुतारकाम केलं, पण विकायला मांडलेलं हत्यार मला नुसतं बघून ओळखता येत नाही, हे आज कळलं. तीनदा वाटलं, आपलाच रंधा! तिन्ही वेळा भलत्याचाच निघाला.

शेवटच्या रांगेत निळ्या व्हॅनपाशी पर्ल ऑक्सली नावाची बाई बसते. साठीची असेल, डोक्यावर पुरुषी टोपी, हातात टॉर्च. फक्त सुतारी हत्यारं विकते. मी तिचा एक रंधा उचलून उलटा केला आणि तळ डोळ्यांसमोर धरला.

"सुतार ना?" ती म्हणाली.

"कशावरून?"

"गिऱ्हाईक आधी रंध्याचं पुढचं नाक बघतं, तिथं कारागिराचं नाव ठोकलेलं असतं. सुतार आधी तळ बघतो. आणि विकत काही घेत नाही."

मी तिला सगळं सांगितलं. कुठली नावं ठोकलेली आहेत, तिनं विचारलं. प्रत्येक रंध्याच्या नाकावर कारागिराच्या नावाखाली जे. डंगवर्थ, त्याखाली ए. डंगवर्थ, त्याखाली माझं, एम. डंगवर्थ. हे पोलिसांना सांगायचं सुचलंच नव्हतं. ग्लेननं स्वतःचं काही ठोकलं नाही, आळशी आहे त्या बाबतीत.

पर्लनं टॉर्च बंद केला. मग म्हणाली, "लक्ष ठेवते."

भली बाई वाटली.

रविवार, १७ मार्च

पुन्हा पर्लकडे. पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं, तिनं मला शिकवायला घेतलं. टॉर्च समोरून धरायचा नाही, बाजूनं, जवळजवळ आडवा धरायचा. मग पुसलेलं नावही सावलीसारखं वर येतं. रंध्याच्या कडा रुंद आणि सपाट छाटलेल्या असतील तर जुना, दोनशे वर्षांचाही असू शकतो. अरुंद आणि गोलसर असतील तर अलीकडचा. पाचर दुसऱ्या लाकडाची असेल तर किंमत अर्धी. करवतीच्या मुठीखाली लाकडाचं एक नाजूक टोक कोरलेलं असतं, त्याला कोकराची जीभ म्हणतात. ती जितकी रेखीव तितकी करवत जुनी. माझ्या वडिलांच्या करवतीला कोकराची जीभ होती की नाही? रोज हातात धरली, आणि आठवत नाही.

"पन्नास वर्षं हातात धरलंत," पर्ल म्हणाली, "वाचलं मात्र कधीच नाहीत."

मी हसलो. पण एका गोष्टीचं वाईट वाटलं. धारेला किंमत नाही म्हणाली. ज्या हत्यारानं आयुष्यभर काम केलं ते स्वस्त, जे कुणी वापरलंच नाही ते महाग.

एक जुना रंधा घेऊन आलो, अभ्यासाला. बायकोनं, ब्रेंडानं, रंध्याकडे न बघता निरोप सांगितला. ग्लेनच्या मालकाचा फोन आला होता. तो म्हणतो, आमच्याकडे सगळं विजेच्या यंत्रावर चालतं, पणजोबांची पेटी कशाला लागते, ये की कामावर. त्याला काय कळणार! हत्यारं गेल्यावर माणसाचा जीव लागतो का कामात?

रविवार, २४ मार्च

शुक्रवारपासून गुडघाभर बर्फ. बाजार रद्द. तीन दिवस तिघंही घरात.

शेडमध्ये हीटर लावून मागच्या रविवारचा रंधा साफ केला. जवसाच्या तेलाचा बोळा फिरवला आणि टॉर्च आडवा धरला, तर नाकावर अक्षरं उगवायला लागली. आधी एक डब्ल्यू. मग काहीतरी, मग टी. श्वास रोखून बघत होतो. एवढ्यात ग्लेन दारात आला. अंगात झोपायचे कपडे, पायात रबरी बूट.

"डॅड, वेळ आहे का?"

"पाच मिनिटं थांब. हे नाव आत्ता लागतंय बघ."

नाव लागलं. लागल्यावर मागं वळलो तर तो गेला होता. बर्फात पावलं उमटली होती, शेडपासून घरापर्यंत. काही महत्त्वाचं नसेल.

रविवार, ३१ मार्च

ईस्टर. बर्फ अजून कोपऱ्याकोपऱ्यात आहे. बाजाराला फक्त नऊ गाड्या, पर्ल नव्हती. परत आलो तर ब्रेंडानं भाजलेलं कोकरू टेबलावर गार झालं होतं. ग्लेननं बटाटा काट्यानं इकडून तिकडे फिरवला.

तो वर गेल्यावर ब्रेंडा म्हणाली, "माल्क, एक रविवार त्याच्यापाशी बस."

"त्याच्यासाठीच तर हिंडतोय मी. थंडीत, या गुडघ्यांनी."

"ठाऊक आहे. तरी बस."

बायकांना वाटतं, बसून प्रश्न सुटतात.

रविवार, ७ एप्रिल

चांगला दिवस. आज ग्लेन माझ्यासोबत बाजारात आला. मीच म्हटलं होतं, चल, तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणजे ब्रेंडालाही बरं वाटेल.

वाटेत मी त्याला कडांचं शिकवलं, कोकराची जीभ सांगितली. तो खिडकीबाहेर बघत "हो" म्हणत होता. एकदा म्हणाला, "डॅड, सोड ना हा नाद. नाही सापडणार ती."

"तुला काय माहीत?"

"असंच वाटतं."

असं धीर सोडून कसं चालेल, मी म्हटलं. डंगवर्थांनी कधी सोडलेला नाही.

मैदानात पर्लची निळी व्हॅन दिसली तसा तो थबकला. म्हणाला, पायात गोळा आलाय, मी गाडीपाशी थांबतो. मी तिथूनच हात करून पर्लला दाखवलं, तो बघा माझा मुलगा. तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग माल आवरायला लागली, अकराच वाजले होते तरी.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"मी बरी आहे." पेटीचं झाकण लावताना म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी बोलता का?"

"येताना सबंध रस्ताभर बोलत होतो!"

तिनं झाकणावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. एकटी बाई, स्वतःचं मूलबाळ नाही. दुसऱ्याचं पोर बघून मन भरून आलं असेल.

शनिवार, २० एप्रिल

सगळं आजच लिहून ठेवतो.

पर्ल गेले दोन रविवार... नाही, एकच. चुकलो. मागच्या रविवारी ती आली नाही, म्हणून आज तिचं गोदाम शोधत गेलो. कालव्यापाशी, रेल्वेच्या कमानीखाली आहे. दार उघडं होतं. ती मागं कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी फळ्या बघत उभा राहिलो. सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या चादरीखाली, आमच्या पेटीचा कोपरा.

चादर ओढली. एकतीस. एकूणएक. टॉर्च लागला नाही, काही वाचावं लागलं नाही. हात ठेवला आणि कळलं.

पर्ल आली तेव्हा मी तिला चोर म्हटलं. आणखी बरंच म्हटलं, ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. चोरीचा माल नाही तो. तुमच्या मुलानं आणून विकला. फेब्रुवारी संपताना."

"खोटं!"

"प्रत्येक हत्यार पुसून, तेल लावून, वेगवेगळ्या कापडात गुंडाळून आणलं होतं. प्रत्येकाचं नाव सांगितलं, कुणी कुठल्या कामाला वापरलं ते सांगितलं. मी दिले तेवढे पैसे घेतले. घासाघीस केली नाही. घरी सांगू नका म्हणाला, आणि मी शब्द दिला. मला वाटलं, स्वतःच सांगेल."

"मग विकलं का नाही तुम्ही? दीड महिना दडवून का ठेवलंत?"

तिनं टोपी काढली. पहिल्यांदाच तिचे केस बघितले, सगळे पांढरे. "हत्यारं विकायला येणारी माणसं मी चाळीस वर्षं बघतेय. कुणी रडतं, कुणी भांडतं. तुमचा मुलगा मोकळा झाल्यासारखा दिसत होता. माझा भाऊ, स्वतःचे मासेमारीचे गळ वाटून टाकताना, असाच दिसत होता. म्हणून नाही विकलं."

भावाचं काय झालं, मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: पोराला पैशांची अडचण होती आणि लाजेनं बापाला बोलला नाही.

तिनं दिले होते तेवढेच पैसे घेतले, वर एक पेनी नाही. पेटी गाडीत चढवताना म्हणाली, "आधी त्याच्याशी बोला. पेटी इथंच राहू दे. घरी नेऊ नका एवढ्यात." मला वाटलं, चांगला माल हातचा जातोय म्हणून जीव वर-खाली होतोय बाईचा.

रविवार, २१ एप्रिल

काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. त्यानं विकलं हे मला ठाऊक आहे, असं दाखवायचंच नाही. पोराची मान खाली कशाला घालायला लावायची?

ब्रेंडा चर्चला गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळी एकतीस मांडली, क्रमानं. ग्लेनला हाक मारली.

"सापडली!" मी म्हटलं. "कुणीतरी चोराकडून घेतली होती. तुझी तुला परत."

तो दारात उभा राहिला. मग जवळ आला आणि एकेकाला बोट लावत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सगळी आहेत," म्हणाला.

"एकूणएक."

"थँक्स, डॅड."

मग त्यानंच चहा केला, मला, स्वतःला, आणि आईचा झाकून ठेवला. आज दुपारी कितीतरी दिवसांनी तो शांत वाटला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. ब्रेंडा आल्यावर टेबलाकडे बघत राहिली, आनंद झालेला दिसला नाही. पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढे रविवार वाया गेले नाहीत.

गुरुवार, २ मे

लिहायला बसायची ताकद नव्हती.

सोमवारी, २२ तारखेला, सकाळी ग्लेन व्हॅन घेऊन गेला. मला वाटलं, कामावर. हत्यारं आली, पोरगा कामाला लागला, असं मी दुधवाल्यालाही सांगितलं. संध्याकाळी परत आला नाही. फोन त्याच्या उशीखाली सापडला. पेटी टेबलाखाली होती तशीच.

तीन दिवस. ब्रेंडा खिडकीत, मी रस्त्यानं.

गुरुवारी, २५ तारखेला, पोलिसांचा फोन आला. समुद्राकाठी, कड्यावरच्या गाडीतळावर व्हॅन उभी होती. कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईला दोन दिवस तीच व्हॅन तिथंच दिसली, म्हणून तिनं काच ठोठावली. तो आत नव्हता. कुंपणापलीकडे बसला होता, अंगात कोट नव्हता. ती बाई पोलीस येईपर्यंत कुंपणाला टेकून त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलली कोण जाणे. मी शोधतोय, तिला विचारायचंय.

जिवंत आहे. इस्पितळात आहे.

रविवार, ५ मे

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. तरुण आहे, हळू बोलते. समोर कागद होता.

"हे कधीपासून आहे?"

"चोरी झाल्यापासून," मी म्हणालो. म्हणालो, आणि मग आठवलं की चोरी झालीच नव्हती.

ब्रेंडा म्हणाली, "सहा वर्षं."

झोप कशी होती? जेवण? जवळचं कोण? सगळ्याची उत्तरं ब्रेंडाच देत गेली. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला काय आवडतं, मिस्टर डंगवर्थ?"

सुतारकाम, असं ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

"पोहणं," ब्रेंडा म्हणाली. "शाळेत असताना त्याला मुलांना पोहायला शिकवायचं होतं. तशी नोकरीही चालून आली होती."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

"सांगितलं होतं. त्यानंच सांगितलं होतं. तू म्हणालास, पाण्यात हातपाय मारून पोट भरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेटी दिलीस."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. न आठवणं जास्त वाईट आहे.

ग्लेननं आईला आत बोलावलं. मला नाही.

मंगळवार, ७ मे

पेटी पर्लकडे नेली. तिनं पुन्हा स्टूल पुढं सरकवलं. मीच सांगितलं, कुंपणापर्यंतचं सगळं. मग तिला म्हटलं, तुम्ही बजावलं होतंत.

"मी स्पष्ट सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "आडून आडून बोलले. भावाच्या वेळीही आडूनच बोलले होते."

आम्ही दोघं दोन स्टुलांवर बसून राहिलो. पेटीची किंमत आज मला पै-पैपर्यंत सांगता आली असती. कुणी विचारली नाही. "विकून टाका," एवढंच म्हणालो, "शक्यतो लांबच्या माणसाला."

रविवार, १२ मे

पुन्हा बाहेरच बसलो. ब्रेंडा आतून आली, मान हलवली. बाजाराच्या टेकडीच्या पायथ्यावरून आलो. खालून गाड्यांची टपं चमकताना दिसत होती. एक रविवार त्याच्यापाशी बस, म्हणाली होती ती. सहा-सात रविवार होते माझ्या हातात.

रविवार, २६ मे

आज ग्लेननं मला बोलावलं. दहा मिनिटं, असं परिचारिकेनं बजावलं.

वाळलाय. खुर्चीत बसला होता, पाय वर घेऊन. मी घरून ठरवून गेलो होतो, हत्यारांचं नाव काढायचं नाही. समोर बसल्यावर कळलं, दुसरं काही बोलायला माझ्यापाशी नाहीच. हवेबद्दल बोललो. आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. संपलं.

मग तोच म्हणाला, "डॅड, मी चांगला सुतार नाही."

"असं काय म्हणतोस? तू उत्तम..."

"बघ."

"काय?"

"मी नाही म्हणतो. तू आहेस म्हणतोस. वीस वर्षं हेच चाललंय."

तोंड उघडं होतं, ते मिटलं. तो भिंतीकडे वळला. कुणीतरी चहाची गाडी ढकलत पलीकडून गेलं. मी त्याच्या मानेकडे बघत राहिलो. मागं केस विरळ झालेत, डाव्या कानाखाली एक जुना व्रण आहे. कशाचा, मला माहीत नाही. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. एवढा वेळ गप्प मी त्याच्यापाशी कधी बसलो होतो?

परिचारिका दारात आली. मी उठलो.

"उद्या येणार आहेस?" त्यानं भिंतीकडेच बघत विचारलं.

"तू ये म्हणालास तर."

त्यानं वर घेतलेले पाय खाली सोडले. मग म्हणाला, "ये. पण असाच बस."

ब्रेंडा गाडीत वाट बघत होती. काय बोललात, तिनं विचारलं. काही नाही, मी म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि माझा हात हातात घेतला.

उद्या दोन वाजता.